डोंगरवाटेचं पुस्तक निवडताना

मोंब्लां पर्वताला वळसा घालणारी ‘तूर द्यू मोंब्लां’ ही वाट करायचं ठरलं, तेव्हा मी चालणार होते आणि माझा धाकटा भाऊ पळणार होता. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून फिरून पुन्हा सुरुवातीला येणारा हा फेरा साधारण १७० किलोमीटरचा आहे. वाटेतले सगळे चढ जोडले तर बेरीज १०,००० मीटरच्या आसपास जाते. चालणारे त्यासाठी सहसा दहा-अकरा दिवस ठेवतात. याच डोंगराभोवती २००३ पासून भरणाऱ्या शर्यतीत मात्र अख्खा फेरा साडेसेहेचाळीस तासांत पुरा करावा लागतो. भाऊ शर्यतीला उतरणार नव्हता. त्याला आपल्या आपण, हलकी पाठपिशवी घेऊन, मोजक्या दिवसांत ती वाट पळायची होती.

“ताई, पुस्तक मात्र दोघांनी एकच घ्यायचं,” तो म्हणाला. “मी पुढे गेलो आणि काही झालं, तर मी कुठल्या फाट्यावर आहे हे तुला त्याच पानावर सापडलं पाहिजे.”

मला ते पटलं, आणि तिथूनच निवड अवघड झाली. चालणाऱ्याला हवं असतं ते पुस्तक आणि पळणाऱ्याला हवं असतं ते पुस्तक, यांत वरवर फरक दिसत नाही. दोन्हींत वाटेचं वर्णन, नकाशा, चढ-उताराचा आलेख आणि वेळ असतेच. पण प्रत्यक्ष पानं उलटायला लागल्यावर त्या प्रत्येक गोष्टीकडे आम्ही दोघं वेगळ्या नजरेने बघतोय हे कळत गेलं. ग्रंथालयातून, मित्रांकडून आणि विकत असा या वाटेवरच्या पुस्तकांचा चांगला ढीग जमला होता. त्यातून एक उचलेपर्यंत आम्ही काय काय केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हीच पद्धत कुठल्याही डोंगराला लागू पडेल अशी माझी खात्री आहे.

पहिली चाळणी सोपी होती. मुखपृष्ठ सोडून थेट हक्कांच्या पानावर जायचं आणि आवृत्तीचं वर्ष बघायचं. तिथे एक बारकावा आहे. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे कोणीतरी तो पुन्हा तपासलेला. दुकानात नवंकोरं दिसणारं पुस्तक आतून कित्येक वर्षं जुनं असू शकतं. हा फरक जिवावर बेतू शकतो, आणि त्याचं उदाहरण म्हणून मी कोर्सिका बेटावरच्या जीआर-२० या वाटेकडे बोट दाखवते. जून २०१५ मध्ये तिथल्या ‘सर्क द ला सोलित्यूद’ या खोल कड्याच्या कुशीत दरड कोसळून सात जणांचा जीव गेला. त्यानंतर तो टप्पा बंद झाला आणि वाट मोंते सिंतो या शिखराच्या अंगाने, उंचावरून वळवण्यात आली. त्याआधीच्या कुठल्याही पुस्तकात तो टप्पा मुख्य वाट म्हणून, साखळ्यांच्या आणि शिड्यांच्या रसभरीत वर्णनासह छापलेला सापडेल. पुस्तक चांगलं होतं, लेखक प्रामाणिक होता, पण डोंगर बदलला. म्हणून आवृत्तीच्या वर्षाबरोबरच मी हेही बघते की प्रकाशक दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात दुरुस्त्या जाहीर करतो की नाही आणि त्या कुठे मिळतील हे पुस्तकात लिहिलंय की नाही. ज्यांनी ते लिहिलं नव्हतं ती पुस्तकं आम्ही खाली ठेवली. ढीग बराच कमी झाला.

मग आला वेळेचा प्रश्न. आमच्या सगळ्यात जास्त संध्याकाळी यावरच गेल्या, आणि त्या सार्थकी लागल्या.

एकाच टप्प्याला एक पुस्तक चार तास म्हणत होतं आणि दुसरं पावणेसहा. सुरुवातीला वाटलं, एक लेखक तरणाताठा असेल आणि दुसरा रमतगमत जाणारा. खरं कारण त्याहून सरळ निघालं: दोघांचं सूत्रच वेगळं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला होता. दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे सपाटीवर ताशी साधारण पाच किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला तासभर जास्त. उताराचा वेगळा वेळ त्यात नाही. आल्प्सकडची बरीच पुस्तकं आणि वाटेवरच्या पाट्या याहून सावध हिशेब धरतात. जर्मन मानकातलं सूत्र असं: तासाला ४ किलोमीटर आडवं अंतर, ३०० मीटर चढ किंवा ५०० मीटर उतार. आडव्या अंतराचा वेळ एकीकडे काढायचा, चढ-उताराचा दुसरीकडे. जो मोठा असेल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा.

भावाने वहीत एक टप्पा मांडला. १२ किलोमीटर, ९०० मीटर चढ, ६०० मीटर उतार. नेस्मिथच्या हिशेबाने अंतराचे अडीच तास, चढाचा दीड, एकूण चार. जर्मन सूत्राने अंतराचे तीन तास. चढाचे तीन आणि उताराचे सव्वा तासाच्या आत-बाहेर, म्हणजे चार तास बारा मिनिटं. मोठा आकडा पूर्ण आणि तीनचे निम्मे दीड, बेरीज पाच तास बेचाळीस मिनिटं. डोंगर तोच, चालणारा तोच, आणि दोन पुस्तकांत पावणेदोन तासांच्या जवळपास फरक! संध्याकाळी वादळी पावसाची शक्यता असलेल्या डोंगरात हा फरक म्हणजे खिंड ओलांडून खाली पोचणं आणि ऐन खिंडीत सापडणं.

यातून आम्ही ठरवलं की पुस्तकाची वेळ कमी आहे की जास्त याला महत्त्व द्यायचं नाही. ती कशी काढली हे लेखकाने सांगितलंय का, एवढंच बघायचं. प्रस्तावनेत दोन ओळींत ‘या वेळा चालण्याच्याच आहेत, विश्रांती त्यात नाही, सूत्र हे’ असं लिहिणारा लेखक मला हवा. त्याचा वेग एकदा कळला की माझा वेग त्याच्या किती पट हे मी पहिल्याच दिवशी काढू शकते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला त्याच पटीने गुणू शकते. ज्याच्या वेळा कधी सूत्राने, कधी आठवणीने आणि कधी अंदाजाने दिलेल्या असतात त्याच्या आकड्यांना कशानेही गुणलं तरी उपयोग नाही. हे तपासायला सोपं आहे. पाच-सहा टप्प्यांचे आकडे घ्यायचे, सूत्रात घालायचे आणि उत्तरं एकाच प्रमाणात चुकतात का ते बघायचं. एका देखण्या, रंगीत छायाचित्रांनी भरलेल्या पुस्तकाचा निकाल या कसोटीवर लागला. त्यात सोप्या टप्प्याला ऐसपैस वेळ होता आणि सगळ्यात खडतर टप्प्याला घाईचा.

पळणाऱ्यासाठी तासांचा आकडा तसाही दुय्यम. भाऊ वेगळा हिशेब वापरतो. ट्रेल रनिंगच्या, म्हणजे डोंगरवाटांवर पळण्याच्या शर्यतींत अंतर आणि चढ एकत्र मोजायची रीत आहे: किलोमीटरमधल्या अंतरात चढाचे मीटर भागिले १०० मिळवायचे. वरचा टप्पा त्याच्या लेखी १२ अधिक ९, म्हणजे २१. अख्खा फेरा १७० अधिक १००, म्हणजे २७०. आपल्या नेहमीच्या पळण्याशी तो हा आकडा ताडून बघतो. पण त्यासाठी पुस्तकाने प्रत्येक टप्प्याचा एकूण चढ द्यायला हवा. नुसतं ‘सर्वोच्च बिंदू २,५३७ मीटर’ असं लिहून भागत नाही. खिंडीकडे जाताना वाट तीन वेळा खाली उतरून पुन्हा चढत असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीच्या वजाबाकीत त्यातलं काहीच दिसत नाही, मांड्यांना मात्र सगळं कळतं.

एकूण चढाचे आकडेही पुस्तकागणिक बदलतात. तो खोटेपणा नसतो. एकाने नकाशावरच्या काँटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, मोजलेल्या असतात, दुसऱ्याने जीपीएसची नोंद घेतलेली असते. काँटूर १० मीटरच्या असतील तर बारीक चढ-उतार धरले जातात, २० मीटरच्या असतील तर गळतात. जीपीएसवर उलट लहानसहान चुकाच चढ म्हणून जमा होऊ शकतात. अर्थात इथेही तोच नियम: कसं मोजलं ते सांगा.

आता राहिलेल्या पुस्तकांतून कसं निवडायचं? सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं शक्य नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. आम्ही या फेऱ्यातला एकच तुकडा निवडला आणि तेवढाच सगळ्यांत वाचला. तुकडा कुठला निवडायचा याला फार महत्त्व आहे. सोपा, रुंद, पाट्यांनी भरलेला भाग कोणीही नीट लिहितो. जिथे वाटसरूला निर्णय घ्यावा लागतो तो भाग वाचावा.

तसा भाग म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या शांपे गावापासून त्रियांपर्यंतचा. इथे दोन वाटा फुटतात. नेहमीची वाट बोवीनच्या कुरणांवरून जाते. चढ आहे, पण मोकळी आणि मानवणारी. दुसरी ‘फनेत्र दार्पेत’ या २,६६५ मीटरच्या खिंडीवरून जाते, आणि अख्ख्या फेऱ्यातल्या सगळ्यात उंच ठिकाणांपैकी ती एक आहे. शांपे साधारण १,४७० मीटरवर, म्हणजे सलग १,२०० मीटरची चढाई. खिंडीच्या अलीकडे मोठमोठ्या दगडांची रास पार करावी लागते, शेवटचा चढ उभा आणि घसाऱ्याचा, आणि पलीकडे त्रियांच्या हिमनदीच्या शेजारून त्याहूनही लांब उतार. स्वच्छ हवेत तो दिवस संस्मरणीय ठरतो. पावसात, धुक्यात किंवा मोसमाच्या सुरुवातीला बर्फ असताना तिथे जाऊ नये.

एका पुस्तकाने हे सगळं ‘अनुभवी लोकांनी जरूर करावी’ एवढ्यात उरकलं होतं. अनुभवी म्हणजे कोण? हे वाक्य वाचणारा प्रत्येक जण स्वतःला अनुभवी समजू शकतो, आणि प्रत्येक जण स्वतःला नवखाही समजू शकतो. दुसऱ्याने दृश्याचं सुरेख वर्णन केलं होतं, पण दगडांच्या राशीतून वाट कशी शोधायची यावर एक शब्द नाही. तिसऱ्या पुस्तकात मला हवं ते सापडलं. रास सुरू होण्यापूर्वी कुठपर्यंत परत फिरणं सोपं आहे, दगडांवरच्या रंगाच्या खुणा कशा पकडत जायचं, ओल्या दगडावर किती वेळ जास्त धरायचा, आणि सकाळी वरचा भाग ढगात असेल तर बोवीनची वाट धरा, असं स्पष्ट शब्दांत. त्या पानावर लेखक वाचकाला कुठे थांबायचं ते सांगत होता. माझ्या दृष्टीने गाईडबुकाचं खरं काम हेच आहे. पुढे जायची हिंमत आपल्याजवळ असते, म्हणून तर आपण घराबाहेर पडतो. माघारी कुठून वळायचं हे मात्र तिथे आधी जाऊन आलेल्या माणसानेच सांगावं लागतं.

काठिण्याच्या खुणांबद्दलही इथेच बोलायला हवं. ‘सोपी, मध्यम, कठीण’ ही तीन खानी पट्टी जवळपास निरुपयोगी आहे, कारण लांबलचक सपाट वाटही कठीण आणि छोटीशी कड्याची वाटही कठीण. स्विस अल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ अशी पट्टी आहे, ती वाटेचं स्वरूप सांगते, दमणूक सांगत नाही. टी-१ म्हणजे नीट बांधलेली रुळलेली वाट, टी-२ साधी डोंगरवाट, टी-३ ला तोल सांभाळायला कधी हात लागू शकतो, टी-४ ला काही ठिकाणी पुढे सरकायलाच हात लागतात, आणि त्याच्या वरचं काम चालण्यापेक्षा चढण्याकडे झुकलेलं. भावाने पटकन आपला हिशेब लावला: टी-२ पर्यंत पळेन, टी-३ला बहुतेक ठिकाणी चालेन, टी-४ असेल तर त्या दिवसाचा वेगच विसरेन. जे पुस्तक प्रत्येक टप्प्याला अशी खूण देतं ते चालणाऱ्याला जितकं उपयोगी तितकंच पळणाऱ्याला.

पळणाऱ्याच्या आणखी काही गरजा मला या निमित्ताने कळल्या. चालणाऱ्यासाठी लिहिलेल्या वर्णनात दर दोनशे मीटरला काहीतरी येतं. एक कुंपण, एक बाक, एक झोपडी. पळताना यातलं निम्मं नजरेआड होतं. त्याला फक्त फाटे हवे असतात, आणि फाट्याच्या थोडं आधीची खूण, म्हणजे वेग कमी करता येतो. वाट पायाखाली कशी आहे हेही हवं: मुळांची, सुट्या दगडांची, गवताची की पक्की. उतारावर हे कळणं चढापेक्षा महत्त्वाचं. आणि पाणी. दोन पाण्यांमधलं अंतर चालणाऱ्याला त्रासदायक वाटेल, पण लहान बाटल्या घेऊन पळणाऱ्याला ते अडकवू शकतं. झरा बारमाही आहे की मोसमी, हा एक शब्द पुस्तकात असला की मी त्या लेखकाला मनापासून मान देते.

नकाशांवर फार वेळ घालवला नाही. पुस्तकातला नकाशा काँटूर असलेला हवा आणि प्रमाण दिलेलं हवं. १:२५,००० असेल तर एक किलोमीटर चार सेंटिमीटरचा होतो, १:५०,००० असेल तर दोनचा. तरीही पूर्ण पानाचा वेगळा नकाशा लागतोच, कारण पुस्तकातली पट्टी वाटेच्या दोन्ही बाजूंना थोडीशीच जागा दाखवते आणि माणूस चुकतो तो नेमका त्या पट्टीबाहेर. चढ-उताराच्या आलेखाला मात्र मी जपून राहायला सांगेन. पान तेवढंच, टप्पा कधी १० किलोमीटरचा, कधी २५ चा. दोन्ही एकाच रुंदीत बसवले की तोच चढ एकदा भिंतीसारखा दिसतो आणि एकदा माळासारखा. सगळे आलेख एकाच प्रमाणात काढणारी पुस्तकं थोडी आहेत, पण आहेत.

बऱ्याच पुस्तकांसोबत आता जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनवर किंवा जीपीएसवर उघडता येणारी वाटेची रेघ, मिळते. ती उघडून मोठी करून बघावी. नागमोडी वळणांच्या चढावर रेघ वळणावळणाने जाते की सरळ कापत जाते? सरळ जात असेल तर ती घरी बसून, मोजके बिंदू टाकून आखलेली आहे. तिने दाखवलेलं अंतर कमी असणार आणि धुक्यात ती तुम्हाला वाटेवरून खाली उतरवणार. आम्ही बघितलेल्या फाइलींत दोन्ही प्रकार होते.

भाषेकडे मी शेवटी आले, पण निकाल तिनेच लावला. उरलेल्या दोन पुस्तकांत आकडे सारखेच विश्वासार्ह होते. एकात ‘ओढ्याच्या डाव्या काठाने’ असं लिहिलं होतं आणि डावा म्हणजे कोणाचा डावा हे कुठेच नव्हतं. डोंगरातला रिवाज असा की प्रवाहाच्या दिशेला तोंड करून जो डावा तो डावा. पण वर चढत जाणाऱ्याला तो उजवीकडे असतो. दुसऱ्या पुस्तकात हे पहिल्याच प्रकरणात सांगितलेलं होतं आणि गोंधळाच्या जागी दिशा दिलेली होती: ‘ओढा ओलांडा, मग वायव्येला’. शिवाय मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मदतीची खूण छापलेली होती: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसंच, उत्तर मिनिटाला तीन. शोधायला न लागता हाताशी येईल अशा जागी ती छापणाऱ्याने थकलेल्या, घाबरलेल्या वाचकाचा विचार केलेला असतो.

तेच पुस्तक घेतलं, दोन प्रती. माझी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी. भावाने आपली प्रत शिवणीवरून सोडवली, फक्त वाटेची पानं घेतली आणि प्रत्येक टप्प्याचे फाटे, पाणी आणि परतीच्या जागा एकेका चिठ्ठीवर उतरवल्या. मला पान फाडणं जड गेलं, पण पळणाऱ्याच्या पाठीवर हॉटेलांची यादी कशाला? फाट्यांना आम्ही दोघांनी एकाच क्रमाने आकडे दिले. तो पुढे गेला की संध्याकाळी त्याचा निरोप यायचा तो नुसता आकड्यांचा, आणि मी माझ्या पानावर बोट ठेवून तो कुठून कुठे पोचला हे बघायचे.

लेझूशहून निघाल्यावर पहिल्या टप्प्यात मी पुस्तकातला वेळ आणि माझा वेळ मांडला. मला सव्वापट लागत होते. दुसऱ्या टप्प्यातही जवळपास तितकेच. त्यानंतर रोज सकाळी पुस्तकातल्या आकड्याला सव्वाने गुणून निघायची वेळ ठरवली आणि दुपारच्या ढगांच्या आधी खिंडी मागे पडत गेल्या. भाऊ चढाला पुस्तकापेक्षा बराच पुढे असायचा, पण दगडाळ उतारावर त्याचा फायदा कमी व्हायचा. लेखकाने ‘सुटे दगड’ लिहिलेल्या जागा त्याने चिठ्ठ्यांवर लाल केल्या होत्या, त्या तंतोतंत निघाल्या.

शांपेला मी पोचले तेव्हा फनेत्र दार्पेतच्या बाजूचा माथा ढगात होता. सकाळीही तसाच. पान माहीत होतं, वाक्य माहीत होतं, तरी पुन्हा उघडून वाचलं आणि बोवीनची वाट धरली. भाऊ आधी, उघडीप असताना, खिंडीवरून गेला होता. त्या टप्प्याची त्याची चिठ्ठी परत आल्यावर मी माझ्या प्रतीत चिकटवली आहे.

बोवीनच्या आधीच्या एका दिवशी पुस्तकात बारमाही म्हटलेला एक झरा मला कोरडा मिळाला. परतल्यावर प्रकाशकाच्या दुरुस्तीच्या पत्त्यावर तारीख, फाट्याचं वर्णन, उंची आणि आधीच्या दिवसांतला पाऊस एवढं लिहून पाठवलं. भावाने त्यासोबत उतारावरच्या एका नव्याने घसरलेल्या वळणाचा फोटो जोडला.